ओव्हनला भोक पाडू नका, वेव्हगाइड बनवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प जवळ आले की भंगारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनना भाव येतो. कोणाला फाउंड्रीचा वाळूचा कोअर (ओतकामात आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) वाळवून पाहायचा असतो, कोणाला काजूगर, कोणाला सिरॅमिकची पूड भाजायची असते. मग ओव्हनच्या वरच्या पत्र्याला भोक पडते, त्यातून काचेची नळी किंवा तापमान मोजण्याची तार आत जाते आणि दरवाजाची कळ तारेने बांधून ठेवली जाते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातील विद्यार्थी, त्यांचे मार्गदर्शक आणि उद्यमबाग, मच्छे, नावगे येथील फॅब्रिकेशनवाले यांना या पत्रातून एकच सांगायचे आहे. हा मार्ग जीवघेणा आहे आणि त्यातून हाती येणारे आकडेही कामाचे नसतात. त्याऐवजी आयताकृती वेव्हगाइड बनवा. आपल्याकडच्या कोणत्याही बऱ्या मिलिंग मशिनवर तो होतो.

आधी आकड्यांचे. घरचा ओव्हन ही एक मोठी पेटी असते आणि तिच्यात लहरींच्या अनेक रचना एकाच वेळी उभ्या राहतात. विद्युतक्षेत्र कुठे जास्त आणि कुठे शून्य, हे आत ठेवलेल्या वस्तूवरच ठरते. वस्तू सुकली की चित्र बदलते. फिरती थाळी असते ती याच कारणाने. भात गरम करायला हे पुरते, पण ‘अमुक वॅटला अमुक मिनिटांत इतका ओलावा गेला’ असे विधान त्यावरून करता येत नाही. शिवाय ‘४० टक्के’ हे बटण दाबल्याने साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ओव्हनमधली शक्ती कमी होत नाही. मॅग्नेट्रॉन, म्हणजे ओव्हनमधला लहरी निर्माण करणारा भाग, काही सेकंद पूर्ण शक्तीने चालतो आणि काही सेकंद बंद राहतो, एवढेच. नमुना लहान असेल तर तेवढ्या सेकंदांत तो करपतो. सतत कमी शक्ती हवी असेल तर मॅग्नेट्रॉनला इन्व्हर्टर जातीचा इलेक्ट्रॉनिक पुरवठा (घरचा बॅटरीवाला नव्हे) लागतो.

वेव्हगाइड म्हणजे धातूची पोकळ आयताकृती नळी. तिची मापे नीट निवडली की २.४५ गिगाहर्ट्झला तिच्यातून लहरीची एकच रचना जाऊ शकते, तिला टीई-१० म्हणतात. विद्युतक्षेत्र अरुंद भिंतींजवळ शून्य असते आणि रुंद भिंतीच्या मध्यरेषेवर सर्वांत जास्त. त्याची दिशा एका रुंद भिंतीकडून समोरच्या रुंद भिंतीकडे, म्हणजे नळी आडवी ठेवली तर सरळ उभी. क्षेत्र कुठे आहे हे कागदावर आधीच ठरते, सगळी गंमत यातच आहे.

प्रमाणित माप डब्ल्यूआर-३४०, आतून ८६.३६ बाय ४३.१८ मिमी. मोकळ्या हवेत २.४५ गिगाहर्ट्झची तरंगलांबी १२२.४ मिमी असते, या नळीत ती सुमारे १७३ मिमी होते. बरेच जण इथेच चुकतात. हवेतली लांबी धरून भोके पाडतात आणि नमुना भलत्याच जागी बसतो. एकच रचना टिकण्यासाठी आतली रुंदी ६१ पेक्षा जास्त आणि १२२ मिमीपेक्षा कमी हवी, आतली उंची ६१ च्या खाली हवी. म्हणजे बाजारातली चार इंच बाय दोन इंची ॲल्युमिनियमची चौकोनी नळीही चालते. तिची भिंत ३ मिमीची असेल तर आतली रुंदी ९५.६ मिमी भरते आणि नळीतली तरंगलांबी सुमारे १५९ मिमी येते. जे माप हाती येईल ते व्हर्नियरने मोजा आणि गणित त्यावर करा. सूत्र सोपे आहे. हवेतल्या लांबीला आतल्या रुंदीच्या दुपटीने भागा, येईल त्याचा वर्ग एकातून वजा करा, उरेल त्याचे वर्गमूळ काढा आणि हवेतल्या लांबीला त्याने भागा.

लोखंडी पत्रा वापरू नये, तो स्वतःच शक्ती खातो. ॲल्युमिनियम किंवा पितळ घ्यावे. विजेचा प्रवाह भिंतीच्या पृष्ठभागातून ॲल्युमिनियममध्ये जेमतेम दोन हजारांश मिलिमीटर खोलीपर्यंत वाहतो, त्यामुळे जाडी लागते ती मजबुतीपुरती. जोड मात्र महत्त्वाचे. फ्लँजची (नळीच्या टोकाच्या, बोल्टने जोडायच्या पट्टीची) तोंडे फेस करून सपाट हवीत आणि बोल्ट सगळे हवेत, चारांपैकी दोन लावून भागत नाही. ॲनोडाइझ केलेला किंवा पावडर कोटिंगचा थर विजेला अडवतो. फ्लँजच्या तोंडावरचा तो थर घासून काढला नाही तर जोडातून लहर बाहेर येते आणि ठिणग्याही पडतात. पत्रा वाकवून नळी करायची असेल तर शिवण रुंद भिंतीच्या बरोबर मध्यावर, लांबीच्या दिशेने घ्या. तिथे प्रवाह आडवा जात नाही, म्हणून तो जोड थोडा कच्चा राहिला तरी निभते. कोपऱ्यावरची शिवण निभत नाही. फॅब्रिकेशनवाला सवयीने कोपराच निवडतो, तेव्हा हे त्याला आधी सांगावे.

आता एकामागून एक भाग. मॅग्नेट्रॉनचा अँटेना रुंद भिंतीच्या मध्यरेषेवरून आत येतो. त्याच्या मागची बंद भिंत नळीतल्या लांबीच्या साधारण पाव अंतरावर असते, नेमके माप त्या मॅग्नेट्रॉनच्या माहितीपत्रकातून घ्यावे. त्यापुढे सर्क्युलेटर, म्हणजे परतणारी लहर बाजूला वळवणारा भाग, आणि त्याला जोडलेला पाण्याचा लोड, म्हणजे शक्ती शोषून घेणारे वाहते पाणी. नमुन्यावरून परत फिरलेली शक्ती मॅग्नेट्रॉनकडे न जाता त्या पाण्यात मुरते. सर्क्युलेटर महाग असतो म्हणून तो पहिल्यांदा गाळला जातो. मग नमुना सुकतो, शक्ती खायला काही उरत नाही, सगळी परत येते आणि मॅग्नेट्रॉनच्या अँटेनावरची टोपी वितळते. सर्क्युलेटर खरोखरच परवडत नसेल तर नळीचे शेवटचे टोक धातूने बंद न करता तिथे पाण्याचा लोड बसवा, म्हणजे टेफ्लॉनची किंवा काचेची नळी तिरकी घालून त्यातून सतत पाणी सोडा. नमुना कमी तापेल, पण मॅग्नेट्रॉन वाचेल.

याच पाण्याने शक्तीही मोजता येते. मिनिटाला एक लिटर प्रवाह असेल तर येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्यातला प्रत्येक अंश सेल्सिअसचा फरक म्हणजे ७० वॅट. आधी नमुना न ठेवता नुसता लोड लावून मोजा. साडेअकरा अंशांचा फरक आला तर मॅग्नेट्रॉन ८०० वॅट देतो आहे. मग नमुना ठेवून मोजा. जितके कमी पाण्यात उतरले तितके नमुन्यात गेले किंवा मागे फिरले. सर्क्युलेटर असेल तर मागे फिरलेलेही त्याच्या पाण्यात मोजता येते आणि हिशेब पुरा होतो. प्रकल्प-अहवालात ओव्हनच्या पाटीवरचे वॅट लिहिण्यापेक्षा हा आकडा लिहावा.

सर्क्युलेटर असेल तेव्हा टोकाला सरकता शॉर्ट लावता येतो, म्हणजे आत-बाहेर सरकणारी धातूची भिंत. जाणारी आणि परतणारी लहर मिळून उभी लहर तयार होते. शॉर्टपाशी विद्युतक्षेत्र शून्य असते, तिथून पाव लांबीवर, म्हणजे डब्ल्यूआर-३४० मध्ये सुमारे ४३ मिमीवर ते कमाल होते, पुढे पुन्हा १३० मिमीवर. कमाल जागी क्षेत्र दुप्पट होते, आणि तापणे क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने चौपट. ८०० वॅट असताना जाणाऱ्या लहरीचे क्षेत्र या नळीत सेंटिमीटरला सुमारे २१४ व्होल्ट असते. हवा फुटायला सुमारे ३० हजार लागतात. त्यामुळे रिकाम्या, स्वच्छ नळीत ठिणगी पडूच नये. पडली तर आत कापताना राहिलेली धारदार कड, सुटलेला बोल्ट, धातूचा कीस किंवा पाण्याचा थेंब आहे असे समजा आणि लगेच बंद करा. पेटलेली ठिणगी मॅग्नेट्रॉनच्या दिशेने सरकत जाते.

शॉर्ट कायमचा वेल्ड करून टाकू नये. मॅग्नेट्रॉनची वारंवारता भारानुसार थोडी सरकते. २.४३ ते २.४७ एवढ्या फरकातच नळीतली लांबी १७६ वरून १७१ मिमीच्या आसपास येते. नमुना तापला, सुकला की त्याचे गुणही बदलतात. म्हणून शॉर्ट सरकवून आणि तीन खुंट्यांच्या ट्यूनरने (नळीत कमी-जास्त आत घालता येणाऱ्या धातूच्या खुंट्यांनी) परतणारी शक्ती वरचेवर कमी करावी लागते.

नमुना ठेवण्याची दिशा हा पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपणारा, पण कामात सगळ्यात जास्त फसवणारा मुद्दा आहे. विद्युतक्षेत्र उभे आहे. बारीक नळी उभी घातली तर क्षेत्र तिच्या आत तसेच्या तसे शिरते. तोच पदार्थ पातळ थर करून तळाच्या रुंद भिंतीवर आडवा पसरला तर आतले क्षेत्र पदार्थाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकाने (पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्याच्या मापाने) भागले जाते. पाण्याचा तो स्थिरांक सुमारे ७७ आहे. म्हणून ओला थर आडवा ठेवून ‘मायक्रोवेव्ह चालतच नाही’ म्हणणारे भेटतात. थर उभा करा. वडगाव-शहापूरच्या मागांवरचे सूत किंवा कापड वाळवायचा विचार असेल तर रुंद भिंतींच्या मध्यरेषेवर लांब फट पाडून कापड त्यातून उभे न्यावे. मध्यावरची ती फट प्रवाहाला छेदत नाही, त्यामुळे गळतीही कमी. मोठ्या यंत्रांत हीच नळी सापासारखी वळवून कापड तिच्यातून अनेकदा नेतात.

नळी जाड नसावी. पाण्यात तरंगलांबी अवघी १४ मिमी होते. पंचवीस मिमी जाडीच्या पाण्याच्या खांबातच गरम-गार पट्टे पडतात आणि बहुतेक शक्ती त्याच्या पृष्ठभागावरून मागे फिरते. धारक म्हणून क्वार्ट्झ किंवा टेफ्लॉन घ्यावे. साधी काच तापत गेली की जास्त शक्ती खाऊ लागते आणि अचानक मऊ होते. ॲल्युमिनासारख्या सिरॅमिकचेही तसेच, एकदा एक ठिपका तापला की तोच आणखी खातो आणि बाकीचा नमुना थंडच राहतो. पाणी याउलट वागते, गरम झाल्यावर त्याची शोषण्याची ताकद कमी होते, म्हणून शुद्ध पाणी सांभाळणे सोपे. मीठ घातले की हा दिलासा जातो.

बेळगावच्या फाउंड्रींना यात खरोखर रस असावा, म्हणून वाळूबद्दल थोडे सविस्तर. सिलिका वाळू २.४५ गिगाहर्ट्झला जवळजवळ पारदर्शक आहे. शक्ती खातात ते सोडियम सिलिकेटसारखा ओला बाइंडर (वाळूचे कण चिकटवणारा पदार्थ) आणि पाण्यातले कोटिंग. उष्णता नेमकी जिथे हवी तिथे निर्माण होते. वाळू उष्णतेची मंद वाहक असल्याने साध्या भट्टीत कोअरची साल आधी सुकते आणि पोट ओले राहते, ती अडचण इथे कमी होते. पण चाचणीचा कोअर नव्या, धुतलेल्या वाळूचाच करा. पुन्हा वापरलेल्या वाळूत लोखंडाचे कण आणि कोळशाची पूड असते, तिथे ठिणग्या पडतात आणि कोअरमध्ये जळके खड्डे दिसतात. ग्रॅफाइटचे कोटिंग शक्ती एकदम ओढून घेते आणि सालच तापते. कोअर-बॉक्स धातूचा चालत नाही. लाकडाचा ओला असेल तर तो स्वतः तापून वाकतो. सिलिकॉन रबर किंवा पॉलिप्रॉपिलिनचा घ्यावा. शक्ती एकदम वाढवली तर आतल्या वाफेला वाट मिळत नाही आणि कोअर फुटतो. वेव्हगाइडमधल्या चाचणीचा उपयोग इथेच आहे. १० ते २० मिमी जाडीच्या कांडीवर ‘किती वॅट, किती मिनिटे’ ठरवायचे आणि मग मोठ्या यंत्राचा विचार करायचा.

वाफ हा कायम विसरला जाणारा भाग. ती नळीच्या थंड भिंतींवर आणि टेफ्लॉनच्या खिडकीवर थेंब होऊन बसते आणि मग तिथेच ठिणगी पडते. नळीतून कोरड्या हवेचा हलका झोत सोडावा.

काजूगराबद्दल थोडक्यात. ओले गर जास्त शक्ती घेतात आणि सुके कमी, म्हणून शेवटचा ओलावा सारखा करायला ही पद्धत चांगली. पण सगळे वाळवण यावर करायला निघाल्यास हिशेब बसत नाही. तीस अंशांचे एक किलो पाणी वाफ करायला सुमारे २५५० किलोज्यूल लागतात. ८०० वॅट पूर्णपणे मुरले तरी ५३ मिनिटे झाली, आणि मीटरवर एक युनिटहून जास्त पडले. आधीचे वाळवण उन्हात किंवा बोर्म्यातच (काजूगर वाळवण्याच्या गरम हवेच्या कपाटातच) करावे. टरफलासकट बी कधीही आत घालू नये, टरफलातले तेल पेट घेते आणि त्याचा धूर डोळ्यांना व कातडीला बाधतो.

धातूची पूड या विषयावर प्रकल्प करणाऱ्यांसाठी एक धागा. अखंड धातू लहर परतवतो, पण बारीक पूड तापते. रुस्तुम रॉय, दिनेश अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातून १९९९ साली ‘नेचर’मध्ये मायक्रोवेव्हने धातूची पूड न वितळवता तापवून पूर्ण एकसंध केल्याचे (सिंटरिंग) दाखवले. पुढे त्याच गटाने एकाच रचनेच्या पेटीत विद्युतक्षेत्राची कमाल आणि चुंबकीय क्षेत्राची कमाल या दोन जागा वेगळ्या करून दाखवले की धातूची पूड दुसऱ्या जागी जास्त चांगली तापते. सरकता शॉर्ट पाव लांबीने हलवला की मध्यरेषेवर ठेवलेल्या त्याच नमुन्यावर या दोन्ही जागा आळीपाळीने आणता येतात. असा प्रयोग ओव्हनमध्ये होणारच नाही.

आता धोका. नमुन्याची नळी आत नेण्यासाठी रुंद भिंतीवर धातूची चिमणी लावतात. तिचा आतला व्यास २५ मिमी असेल आणि ती रिकामी असेल तर दर २५ मिमी लांबीला शक्ती हजाराव्या भागावर येते. म्हणून ७५ मिमी लांब चिमणी पुरते. पण हे फक्त हवेसाठी. तीच चिमणी पाण्याने भरली की ती स्वतःच वेव्हगाइड होते आणि शक्ती सरळ बाहेर येते. पाणी भरलेल्या नमुन्यासाठी चिमणीचा आतला व्यास ६ मिमीच्या वर नेऊ नये आणि नळी त्यात घट्ट बसावी. धातूची तार चिमणीतून आत घातली तर व्यास कितीही लहान असला तरी अडसर उरत नाही. तार आणि चिमणी मिळून केबल टीव्हीच्या वायरीसारखी जोडी बनते आणि बाहेरचे टोक अँटेना होते. थर्मोकपलने, म्हणजे तापमान मोजण्याच्या धातूच्या तारेने, तापमान मोजण्याच्या हौसेपायी हेच होते. फायबर-ऑप्टिक प्रोब वापरा, किंवा चिमणीतून इन्फ्रारेडने पाहा. इन्फ्रारेड फक्त पृष्ठभाग सांगतो आणि मायक्रोवेव्हमध्ये पोट जास्त तापलेले असू शकते, हे धरून आकडा वाचा. दोन्ही नसेल तर वीज बंद करून लगेच थर्मोकपल टोचा.

गळती ५ सेंमी अंतरावर दर चौरस सेंमीला ५ मिलिवॅटच्या आत हवी, ही ओव्हनसाठीची मर्यादा. स्वतः केलेल्या जोडणीत एक मिलिवॅटवरही समाधान मानू नये. डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो, ते तापले तर उष्णता वाहून न्यायला काही नाही आणि मोतीबिंदूचा धोका असतो. चिमणीत डोकावून पाहू नका. वाय-फाय मंदावले तर गळती असू शकते, पण वाय-फाय नीट चालते म्हणजे गळती नाही असा उलटा अर्थ काढू नका.

मॅग्नेट्रॉनच्या पुरवठ्यात सुमारे ४ हजार व्होल्ट असतात आणि ते शक्तिशाली असतात. टीव्हीच्या जुन्या पिक्चर ट्यूबसारखा नुसता झटका बसून माणूस बाजूला पडत नाही, जागीच जातो. मॅग्नेट्रॉनचे अंग अर्थला जोडलेले असते आणि फिलामेंटच्या दोन तारा अर्थच्या मानाने उणे चार हजारांवर. त्या उघड्या ठेवून ‘बॉडीला हात लावला तर काही होत नाही’ म्हणणे घातक. घरातला आरसीसीबी (अर्थकडे वीज गळताच पुरवठा तोडणारी कळ) इथे वाचवत नाही, कारण ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या गुंडाळीतला दोष त्याला दिसतच नाही. बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला राहू शकतो. प्लग काढून, थोडे थांबून, रोधक लावलेल्या इन्सुलेटेड दांडीने तो रिकामा करावा आणि मगच हात घालावा. दरवाजाच्या कळा काढल्या असतील तर त्यांच्या जागी वेव्हगाइडचे झाकण उघडताच वीज तोडणाऱ्या किमान दोन कळा लावाव्यात. मॅग्नेट्रॉनची चिनी माती फोडू नये, काही जुन्या नगांत बेरिलियम ऑक्साइड असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना विषारी.

आपल्या पत्रातून महाविद्यालयांना विनंती एवढीच, की मायक्रोवेव्हचा कोणताही प्रकल्प मंजूर करताना तीन गोष्टी कागदावर मागाव्यात: पाण्याच्या लोडवर मोजलेली शक्ती, प्रत्येक जोड आणि चिमणीपाशी गळतीमापकाने घेतलेले आकडे, आणि कपॅसिटर रिकामा करण्याची लिहिलेली पद्धत. हे नसेल तर प्लग लावू देऊ नये. गळतीमापक प्रत्येक विभागाने घेणे जमत नसेल तर शहरातल्या महाविद्यालयांनी आणि उद्यमबागेतल्या कारखानदारांनी मिळून एक चांगला, कॅलिब्रेट केलेला मापक घ्यावा आणि तो मागेल त्याला द्यावा.

आपले,
मायक्रोवेव्ह तंत्राचे दोन अभ्यासक,
टिळकवाडी, बेळगाव